भिंतीपलीकडची ओळ

कॉलेजात तिला सगळे ‘कुलूप’ म्हणायचे. एक तर तिच्या वडिलांचं कुलपांचं दुकान होतं, आणि दुसरं म्हणजे तिच्या व्हायोलिनच्या पेटीला जे कुलूप होतं ते पाहून पहिल्याच दिवशी फाटकावरचा रखवालदारसुद्धा हसला होता. पेटी एवढीशी आणि कुलूप गोदामाला शोभेल असं! तिला या नावाचा राग यायचा नाही. बाकीच्यांना काय एकेक नावं पडली होती. त्या मानाने आपलं बरं, निदान उपयोगाची वस्तू तरी आहे, असं ती म्हणायची.

घरचं वळणच तसं होतं. बाबा दुकान बंद करून निघाले की रस्त्याच्या वळणावरून परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. ‘लावलं म्हणजे लागलं असं नसतं. ओढून बघावं,’ हे त्यांचं वाक्य ती बाराखडीच्या आधी शिकली. आई त्यांच्याही वरताण. बाबा घरी पोचले की ती दारातच विचारायची, ‘ओढलंत ना नक्की?’ आणि बाबांच्याही मनात पाल चुकचुकायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. या घरात दूधही थंडच यायचं, तरी फुंकणं चालू. अशा घरातली मुलगी खासगी संगीत कॉलेजात व्हायोलिन शिकायला आली, तेव्हा निघताना आईने एकच बजावलं, ‘तिथे सगळे गोड बोलतील. गोड बोलणाऱ्याकडे पाठ करून उभी राहू नकोस.’

कॉलेजची इमारत पूर्वी कसल्याशा कंपनीचं ऑफिस होती. मोठ्या दालनांत लाकडी आडोसे घालून सरावाच्या खोल्या पाडलेल्या. प्रत्येक खोलीत एक पियानो, एक खुर्ची, एक आरसा आणि दाराला हातभर काच. आडोशांना आतून कापूस कोंबलेलं कापड लावलं होतं, पण कापूस केव्हाच खाली बसला होता. भिंतींना कान असतात म्हणतात. इथल्या भिंतींना तोंडंही होती. एका खोलीत कोणी चुकलं की शेजारच्या खोलीतला हळहळायचा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकल वादनाची परीक्षा असायची. व्हायोलिनवाल्या सगळ्यांना रचना एकच. सूर तेच, ताल तोच. मॅडम वर्गात सांगायच्या, ‘बरोबर तर सगळेच वाजवाल. बरोबर वाजवण्यासाठी मी कोणाला घेत नाही. तुमचं स्वतःचं त्यात काय आहे, ते मला ऐकायचंय.’ मॅडमच्या हाताखाली शेवटच्या वर्षाला एकच जण शिकायचा. बाकीचे मोठ्या वर्गात, एकामागे एक बसून. मॅडमचा विद्यार्थी म्हटलं की पुढे चार दारं आपोआप उघडतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुलपाला ती जागा हवी होती. अगदी जीव तुटेल इतकी हवी होती.

प्रत्येक व्हायोलिनवाल्याला पियानोच्या वर्गातला एक साथीदार मिळायचा, तोही वर्षाच्या सुरुवातीला, सोडतीने. परीक्षा दोघांचीही एकाच वेळी: एकाची वादनाची, दुसऱ्याची साथीची. कुलपाच्या वाट्याला आला डुलक्या. हा मुलगा पियानोवर बसला की डोळे मिटायचा आणि मान डोलवायचा, म्हणून डुलक्या. स्वेटरचं कोपर फाटलेलं, बोलणं जेवढ्यास तेवढं. पहिल्या तालमीनंतर तो एवढंच म्हणाला, ‘मजा येईल.’ कुलपाने घरी फोन करून हे सांगितलं तेव्हा आईने त्या मुलाला न बघताच निकाल दिला.

‘डोळे मिटून बसतो? अगं, मांजरही डोळे मिटूनच दूध पितं.’

तरीही वर्ष तसं बरं चाललं होतं. कुलूप वाजवायची, तो साथ करायचा, आणि साथ चांगली असायची. रचनेच्या मध्यावर एक संथ भाग होता. त्यात सूर चढत चढत अगदी वर जायचा आणि मग पहिली धून परत यायची. बाकी सगळे त्या वरच्या सुरावर थांबून दम घ्यायचे आणि मग धून सुरू करायचे. कुलूप थांबायची नाही. एकाच गजात, म्हणजे गजाच्या एकाच ओढीत, आवाज बारीक करत करत, ती वरून सरळ धुनेत उतरायची. उतरताना किंचित घाईही व्हायची तिची. ती घाई चूकच होती, पण त्या चुकीमुळे ते उतरणं असं काही लागायचं की एकदा वाजवताना तिच्याच अंगावर काटा आला होता. ही जागा माझी, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि एका सकाळी ती जागा तिला भिंतीपलीकडून ऐकू आली.

ती लवकर येऊन आपल्या खोलीत गजाला राळ लावत बसली होती. शेजारच्या खोलीत पियानो सुरू झाला. आधी तिने लक्ष दिलं नाही. मग तिचा हात थांबला. कोणीतरी पियानोवर व्हायोलिनची ओळ वाजवत होतं. साथ नव्हे, चक्क तिची ओळ. सूर चढला, वर गेला, आणि न थांबता खाली उतरला. उतरताना किंचित घाई झाली. तीच घाई!

ती पाय न वाजवता बाहेर गेली आणि शेजारच्या दाराच्या काचेतून बघितलं. पियानोवर डुलक्या होता, नेहमीसारखे डोळे मिटून. आणि खिडकीपाशी, पाठमोरी, मोरपीस उभी होती. मोरपीस म्हणजे वर्गातली पहिली; गळ्यात कायम मोरपिशी स्कार्फ असायचा म्हणून हे नाव. मॅडमच्या जागेसाठी खरी चुरस होती ती या दोघींतच. तिची व्हायोलिनची पेटी बाकावर होती. डुलक्याने तोच भाग पुन्हा वाजवला. मोरपिसाने मान हलवली.

कुलपाला आणखी काही बघायची गरजच उरली नाही. ती परत खोलीत आली आणि दार लावून घेतलं. साथीदार, आपला साथीदार, आपली जागा उचलून तिला शिकवतोय! वर्षभर डोळे मिटून बसला तो यासाठी!

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘चोरी झाली हे तू कशावरून म्हणतेस?’ त्यांनी विचारलं.

‘ऐकलं ना मी, बाबा. माझ्या चुकीसकट वाजवत होता.’

‘त्याला विचारलंस?’

‘विचारलं तर सावध होईल ना!’

हे मात्र बाबांना पटलं. दुकानात गल्ल्याचा खण कोणी उघडतंय अशी शंका आली की ते खणाच्या फटीत केस अडकवून ठेवायचे. केस जागेवर नसला की समजायचं. ‘केस लावून ठेव,’ ते म्हणाले. आईने मागून फोन ओढून घेतला. ‘मी पहिल्या दिवसापासून सांगत होते,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काळजीपेक्षा समाधानच जास्त होतं.

कुलपाने केस लावला. पुढच्या तालमीला त्या वरच्या सुरावर ती थांबली. चांगली लांबलचक थांबली, दोन श्वास घेता येतील एवढी, आणि मग धून सुरू केली. डुलक्याचा हात धुनेच्या पहिल्या ठोक्यावर आधीच पडला होता. त्याने डोळे उघडले.

‘थांबणार आहेस इथे?’

‘हो. का?’

‘नाही, काही नाही.’ त्याने हात पट्ट्यांवरून उचलले. ‘पुन्हा एकदा वाजवशील?’

किती साळसूद विचारतोय बघा, कुलपाच्या मनात आलं. तिने पुन्हा वाजवलं, आणखी लांब थांबून. त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले, मान खाली घातली, आणि ती सुरू झाली तेव्हा बरोबर हात टाकला. बाहेर पडताना त्याने विचारलं, ‘मॅडमनी सांगितलं का थांबायला?’ ती नुसती हसली. सांगायला ती काय दूधखुळी होती?

मग ती रोज सकाळी भिंतीला कान लावून बसू लागली. आणि फार वाट बघावी लागली नाही. पलीकडून तिची ओळ आली, सूर वर चढला, आणि थांबला. बरोबर तेवढाच लांब. मग पुन्हा. मग पुन्हा. केस जागेवर नव्हता! तिला राग आला हे खरं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. संशय खरा ठरला की संशयी माणसाला जे सुख होतं ते दुसऱ्या कशात नसतं. घ्या, खोटा थांबा शिकवा तिला, ती मनात म्हणाली. परीक्षेला ती तिथे थांबेल, मी थांबणार नाही, मग बघू.

तेव्हापासून तालमीत ती खोटंच वाजवायची. खरं वाजवणं आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि तेही आपल्या भाड्याच्या खोलीवर, घरमालकिणीच्या कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, खोलीचं दार लावून. लावलेलं दार ओढून बघून.

परीक्षेचा दिवस आला. सभागृहात मॅडम आणि बाहेरचे दोन परीक्षक पुढच्या रांगेत, मागे विद्यार्थी. मोरपीस आधी वाजवून गेली. तिच्याबरोबर पियानोवर तिचा नेहमीचा साथीदार होता. कुलूप पडद्याआड उभी राहून कानात प्राण आणून ऐकत होती. वरचा सूर आला. मोरपीस थांबली, पण लांब नाही. थांबायला नको नको म्हणत थांबल्यासारखी, अगदी तिच्या स्वतःच्या ढंगाने. कुलपाचं काहीच तिच्यात नव्हतं. खोटा थांबाही नाही आणि खरं उतरणंही नाही. हे जरा चमत्कारिक होतं. पण शेवटच्या क्षणी घाबरली असेल, असं कुलपाने ठरवलं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

ती चांगली वाजवत होती. हे तिलाही कळत होतं. साथ पाण्यासारखी तिच्या खालून वाहत होती. संथ भाग आला, सूर चढू लागला, वर गेला. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, डुलक्याने हात मांडीवर घेतले, मान खाली घातली आणि डोळे मिटले. आणि ती न थांबता, एकाच गजात, धुनेत उतरली.

खाली काहीच नव्हतं. पियानो गप्प. ती एकटीच धून वाजवत होती, आणि सभागृह एवढं मोठं आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. डुलक्याने दचकून डोळे उघडले, हात टाकला, तो भलत्याच ठिकाणी पडला. कर्कश आवाज झाला. मागच्या रांगेत कोणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. त्याने हात उचलला, पुन्हा शोधलं, पुन्हा चुकला, आणि धून अर्धी सरल्यावर कुठे तिच्याशी जुळला. कुलूप मात्र ढळली नाही. शेवटपर्यंत नेटाने वाजवून तिने गज खाली घेतला. टाळ्या तिच्या एकटीच्या होत्या. डुलक्याकडे न बघता ती मंचावरून उतरली.

निकाल लागला. मॅडमची जागा कुलपाला मिळाली. साथ कोसळली तरी मुलीने तोल जाऊ दिला नाही, असं बाहेरच्या परीक्षकांनी मुद्दाम सांगितलं होतं. डुलक्या साथीत नापास झाला होता, म्हणजे त्याचं अख्खं वर्ष पुन्हा.

तो तिला पाण्याच्या यंत्रापाशी भेटला. बाटली भरत होता. कुलपाने इतके दिवस दाबून ठेवलेलं बोलून टाकलं.

‘बरं झालं. दुसऱ्याचं चोरायला गेलं की असंच होतं.’

‘काय चोरलं?’

‘माझी ओळ. रोज सकाळी मोरपिसाला शिकवत होतास. मी ऐकलंय, डोळ्यांनी बघितलंय.’

बाटली भरून पाणी त्याच्या हातावर सांडलं तरी त्याला कळलं नाही.

‘मी तिला शिकवणार? ती तर पाव खात असायची तेव्हा. सकाळची ती खोली तिच्या नावावर आहे. तिचं खाणं होईपर्यंत पियानो मला वापरू द्यायची, एवढंच.’

‘मग माझी ओळ कशाला वाजवायचास?’

‘साथ करायला!’ तो म्हणाला. हे कोणाला सांगावं लागतं, हेच त्याला समजत नव्हतं. ‘समोरच्याची ओळ आधी आपल्या हातात आली पाहिजे. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. चुकांसकट. तू वरून उतरताना घाई करायचीस, ती घाईसुद्धा मी पाठ केली होती. फार छान जागा होती ती. मग तू एकदम थांबायला लागलीस. मला नव्हतं आवडत, खरं सांगतो. पण वाजवणारी तू. जुनं हातातून काढून टाकायला किती त्रास झाला मला.’

पियानोवाल्यांचा साथीचा वर्ग वेगळा भरायचा, वरच्या मजल्यावर. तिथे काय शिकवतात हे विचारायची गरज व्हायोलिनवाल्यांपैकी कोणालाच कधी वाटली नव्हती.

‘पण तू डोळे मिटून का बसतोस?’ तिने विचारलं. आता या प्रश्नाला काही अर्थ नव्हता, पण दुसरं काही सुचलं नाही.

‘उघडे ठेवले की तुझा श्वास ऐकू येत नाही.’ त्याने बाटलीचं झाकण लावलं. ‘थांबणार नव्हतीस तर आदल्या दिवशी सांगायचंस ना. मी रात्रीतून बदललं असतं.’

त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो गेला. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने बाबांना फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हणाली, ‘मी मॅडमना जाऊन सांगते, चूक माझी होती म्हणून.’

‘जागा मिळाली ना तुला?’ बाबा म्हणाले.

‘मिळाली.’

‘मग लागलेलं कुलूप आता ओढत बसू नकोस.’

जन्मभर ओढून बघायला शिकवणाऱ्या माणसाने हे म्हणावं! तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि तडक मॅडमच्या खोलीकडे गेली. जागा जाईल ही भीती होती, तरी गेली.

मॅडम फडक्याने व्हायोलिन पुसत होत्या. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

‘म्हणजे तालमीत खोटं वाजवलंस.’

‘हो.’

‘आणि खरं फक्त परीक्षेत.’

‘हो, मॅडम. त्याची काही चूक नाही. तुम्ही माझी जागा काढून घेतलीत तरी चालेल.’

‘जागा कशाला काढून घेऊ? वाजवलंस तूच, आणि चांगलं वाजवलंस,’ मॅडम म्हणाल्या. ‘त्याची परीक्षा आम्ही पुन्हा घेऊ. पण तुझ्याबरोबर नाही. तुझ्याबरोबर बस असं मी त्याला सांगू शकत नाही.’

पुन्हा घेतलेल्या परीक्षेत डुलक्याने मोरपिसाला साथ केली आणि चांगल्या मार्कांनी पास झाला. पुढच्या वर्षाची सोडत निघायच्या आधीच दोघांनी अर्ज केला की आम्हाला एकत्र राहू द्या. कॉलेजने ते मान्य केलं. बातमी अर्थातच सगळ्या भिंतींतून फिरली होती. सोडतीत जिला कुलपाचं नाव निघालं, ती चष्मेवाली मुलगी तिच्या मैत्रिणींकडे बघून कसनुसं हसली. ते कुलपाने पाहिलं.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेलाही रचना तीच होती. पहिल्या तालमीला चष्मेवाली पियानो असा तिरका करून बसली की कुलपाचा उजवा हात तिला पूर्ण दिसावा.

‘हे असंच वाजवणार आहेस ना तू?’ तिने विचारलं. ‘परीक्षेतसुद्धा?’

‘असंच.’

‘नक्की?’

‘नक्की.’

चष्मेवालीने मान हलवली, पण पूर्ण तालीमभर तिची नजर गजावरून हटली नाही. चोरावर पाळत ठेवावी तशी ती साथ करत होती. साथ बिनचूक होती. कुलपाने एकदा चुकून, जुन्या सवयीने, उतरताना घाई केली. तेव्हा चष्मेवालीने वाजवणं थांबवून दोन्ही हात वर घेतले आणि म्हणाली, ‘हे बघ, असं नाही चालणार. आधी सांगायचं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप लवकर आली आणि आपल्या खोलीत न वाजवता बसून राहिली. डावीकडच्या भिंतीपलीकडे डुलक्या होता. तो मोरपिसाची ओळ वाजवत होता, तिच्या त्या नको नको म्हणत थांबण्यासकट, पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता. उजवीकडच्या भिंतीपलीकडे चष्मेवाली सराव करत होती. कुलपाने त्या भिंतीला कान लावला. चष्मेवाली फक्त स्वतःचा भाग वाजवत होती, तोंडाने मोठ्याने मात्रा मोजत. कुलपाची ओळ कुठेच नव्हती. तिने बराच वेळ वाट बघितली.

मग तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, आणि सवयीने ओढून बघितलं. पक्कं लागलं होतं.